तिरपीताई इथेच आहे

पाष्टेवाडीतल्या मुलांनी रडणं सोडलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. त्याचं निम्मं श्रेय साजिरी पाष्टेच्या गळ्याला होतं. निम्मं कसलं, साजिरीला विचारलं असतं तर तिने पाऊण सांगितलं असतं!

गळाच तसा होता तिचा. मुख्याध्यापक बाईंचा खोकला, एसटीच्या कंडक्टरची बेल मारायच्या आधीची खाकर, सरपंचांचं माईकसमोरचं "हॅलो, हॅलो, चेक", सगळं हुबेहूब काढायची. आठवीत असताना पुण्याच्या एका कंपनीने तालुक्यातल्या शाळांमधून आवाज शोधले. साडेतीनशे मुलींमधून निवडली गेली ती ही, लांजा तालुक्यातल्या एका वाडीतली, वेणीला कधी रिबन न मिळालेली साजिरी. मग काय विचारता! नऊ दिवस शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत, खिडक्यांना गोधड्या टांगून, कंपनीच्या ऋता मॅडमनी तिच्याकडून चार हजार वाक्यं बोलून घेतली. "मी इथेच आहे." "तुला काय वाटतंय, सांगशील?" "राग आला तरी तू छानच आहेस." सगळी मऊ, कोमट वाक्यं. चिडलेलं किंवा घाबरलेलं एकही वाक्य त्या यादीत नव्हतं. चार हजार झाल्यावर ऋता मॅडम म्हणाल्या, "आता तू नाही बोललीस तरी चालेल. यंत्र तुझ्या आवाजात वाट्टेल ते बोलेल."

आणि यंत्र बोलू लागलं. साजिरीच्या आवाजात, एका खेकडीच्या तोंडून. खेकडीचं नाव तिरपी, कारण ती तिरकी चाले. डोळे काड्यांवर, पाठीवर शिंपल्याचं दप्तर. कोकणातल्या घराघरांत तिला तिरपीताई म्हणू लागले.

जुन्या कार्टूनमधली चित्रं आधीच काढलेली असायची. बघणारं पोर रडो की झोपो, गोष्ट आपली पुढे. तिरपीची गोष्ट मात्र आधी काढलेलीच नसे. मुलाच्या मनगटावर एक पट्टी असे. ती नाडीचे ठोके मोजी, कातडीवरचा घाम मोजी, बोटं गार पडली की टिपून घेई. पडद्यावरचा बारीक डोळा मुलाची बुबुळं बघे. या सगळ्यातून यंत्र एकच रेषा काढत राही, मुलाच्या मनातल्या खळबळीची. रेषा चढली की पुढचं चित्र त्या क्षणाला बदले. तिरपी आपलं काम टाकून पडद्याजवळ येई आणि त्या मुलाचं नाव घेऊन बोले. एका मुलाला दिसलेली गोष्ट दुसऱ्याला कधीच दिसत नसे. आणि रेषा खाली उतरल्याशिवाय भाग संपत नसे. साधारण अकरा मिनिटं लागत.

खोटं कशाला बोला, मुलं शिकत होती. साजिरीची बहीण बिल्वा सहा वर्षांची. बाबा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटीवर खलाशी. एकदा त्यांच्या बोटीचा चार दिवस पत्ता लागेना. आई चुलीपुढे नुसती बसून होती. तेव्हा हे एवढंसं पोर तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणालं, "आई, तुला भीती वाटतेय ना? ती आपण दोघी मिळून धरू." आई ढसाढसा रडली आणि त्या दिवसापासून तिचा हात बिल्वावर कधी उठला नाही. सोळा वर्षांच्या साजिरीला तरी असं बोलायला सुचलं असतं का? तिला तर बिल्वाने कंपासपेटीला हात लावला की घर डोक्यावर घ्यायचं एवढंच सुचे.

"बिल्ले! ठेव ती! कितीदा सांगितलं तुला!"

"ओरडू नको. तिरपीताई नाही ओरडत."

"अगं बावळट, तिरपीताई म्हणजे मीच!"

बिल्वाने तिला खालपासून वरपर्यंत नीट बघून घेतलं. "तू नाहीस काही. ती माझी ताई आहे. तू साजू."

साजिरीने हा किस्सा शाळेत अभिनय करून सांगितला, सगळ्यांना हसवलं. पण रात्री भांडी घासताना तेच वाक्य तिच्या मनात तीनदा येऊन गेलं.

वाडीत एकाच माणसाला हे पटत नव्हतं. शेजारची सुलीकाकी. पाष्टेवाडीतली घरं डोंगराच्या उताराला काजूंच्या झाडांतून विखुरलेली, एका घरातून दुसरं दिसत नाही. इथे आजवर सगळा कारभार हाळीवर चालत आला. वरून एकीने हाळी द्यायची, खालून दुसरीने ओ द्यायची. आणि पोराचं रडणं म्हणजे तर वाडीची तारच. रडणं ऐकलं की जी जवळ असेल ती हातातलं टाकून धावायची, मग पोर कुणाचं का असेना.

"मला काय बरा वाटत नाय गो," काकी म्हणे. "दोन वरसा झाली, कुणाच्या पोरासाठी धावलंय नाय मी. पाय विसरलं माझं."

"काकी, तुला बक्षीस नको वाटतं? 'शांत वाडी' म्हणून जिल्ह्यात पहिला नंबर आलाय आपला!"

"नंबराला काय करू? लोणच्यात घालू?"

ग्रामसभेतही काकीने एकटीने हात वर केला नव्हता. त्याचं झालं असं, की रेषा फार चढली तर पट्टी आईच्या मोबाइलवर घंटा वाजवी. वाडीतल्या साऱ्या आया काजूच्या कारखान्यात कामाला. पोराने भात नको म्हणून तोंड वाकडं केलं तरी इकडे घंटा! दिवसाला पंचवीस वेळा. मुकादम वैतागला. शेवटी ग्रामसभेने ठराव केला, घंटा बंद ठेवावी. सरपंच हसत म्हणाले, "साजूचा आवाज घराघरात बसलाय, आणखी राखण कशाला?" टाळ्या पडल्या. मतदानाचं वय नसूनही साजिरीने दोन्ही हात वर केले.

२०४३ सालच्या एप्रिलमधला दुसरा शनिवार. दहावीची परीक्षा संपली होती. सोमवारी रत्नागिरीला सत्कार होता, आणि साजिरी पडवीत येरझाऱ्या घालत भाषण पाठ करत होती. "व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या चिमुकल्या मित्रमैत्रिणींनो..." आई कारखान्यात. आत बिल्वा पडद्यासमोर. शनिवारचा तिरपीचा भाग दोनलाच सुरू झाला होता. पुढच्या अंगणात, खळ्यात, सुलीकाकी कैरीच्या फोडींची आंबोशी वाळत घालत होती, कारण या घराच्या खळ्यात ऊन जास्त.

आतून साजिरीचाच आवाज येत होता. "मी इथेच आहे. श्वास घे. हळू सोड."

"पोर आत हाय ना?" काकीने विचारलं.

"हाय की! ऐकू येत नाही? मीच बोलतेय तिच्याशी," साजिरी म्हणाली, आणि आपल्याच विनोदावर खुदकन हसली.

भाषण तीनदा झालं. चौथ्यांदा ती "चिमुकल्या" पाशी अडखळली, कारण आतला आवाज अजून चालूच होता. तिने मोबाइल बघितला. तीन चाळीस. एवढा लांब भाग? आज बिल्लीने कसला हट्ट धरलाय?

ती आत गेली.

बिल्वा मांडी घालून ताठ बसली होती. फ्रॉक घामाने पाठीला चिकटला होता. केस ओले. ओठांना जांभळट झाक. पडद्यावर तिरपी अगदी जवळ येऊन, काड्यांवरचे डोळे किंचित झुकवून, साजिरीच्या आवाजात म्हणत होती, "छान, बिल्वा. भीती पाहुणी आहे. तिला बसू दे थोडा वेळ."

"बिल्ले, काय झालं गं?" साजिरीने तिचा हात धरला. हात माठासारखा गार.

"काही नाही. भीती आलीय. जाईल." बिल्वाच्या तोंडातून लाळ गळत होती. "पायाला काहीतरी चावलं. लाल. मग भीती आली."

जांभ्याच्या भिंतीच्या कडेला तो होता. विंचू. नखाएवढ्या नांगीचा, विटेच्या रंगाचा. बिल्वाच्या घोट्यावर एक टिंब, बस्स.

"मला हाक का नाही मारलीस? मी बाहेरच होते ना! वीस पावलांवर!"

बिल्वाला प्रश्नच कळला नाही. "मारली होती. 'ताई' म्हणाले मी. तू म्हणालीस ना, मी इथेच आहे."

साजिरी कशी बाहेर आली, तिला आठवत नाही. हाळी द्यायला तोंड उघडलं तर आधी नुसती हवा आली. मग जो आवाज फुटला तो तिचाही नव्हता, कुणाचाच नव्हता. सुलीकाकी आंबोशीवरून तशीच धावत आली. बिल्वाला तिने खांद्यावर टाकलं. खालच्या घरातून रिक्षा निघाली. तालुक्याच्या रुग्णालयात पोचायला चाळीस मिनिटं.

तिथल्या डॉक्टर खेडेकर वयाने लहान होत्या, हात मात्र भराभर चालत होते. "कधी चावला?"

कुणाला माहीत होतं? ते फक्त पट्टीला माहीत होतं. पट्टीवर दोन वाजून दोन मिनिटांनी रेषा उभी चढली होती.

"बाळा, दुखतंय कुठे? जोरात सांग मला."

"दुखणं पाहुणं आहे," बिल्वा पुटपुटली.

डॉक्टरांनी वर बघितलं. गोळी दिली, ऑक्सिजन लावला, रत्नागिरीला फोन केला. मग बाहेर येऊन साजिरीला म्हणाल्या, कारण घरचं मोठं माणूस म्हणून अजून तीच होती, आई वाटेत होती, "या विंचवाचं विष शरीरातल्या घाबरण्याच्या सगळ्या कळा एकदम दाबतं. छाती धडधडते, घाम फुटतो, हातपाय गार पडतात, बुबुळं मोठी होतात. बाहेरून बघितलं तर भीती आणि विष एकसारखंच दिसतं. फरक एवढाच, की भीतीने मूल ओरडतं. ओरडलं की कोणीतरी आणतं. लवकर आणलं तर ही गोळी..." त्या थांबल्या. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. साजिरीने मनातल्या मनात केलं.

यंत्राने काही चूक केली नव्हती. त्याला घाम दिसला, ठोके दिसले, गार बोटं दिसली. रेषा चढली. रेषा उतरवणं एवढंच त्याला शिकवलेलं. म्हणून ते समजूत घालत राहिलं. आणि घंटा तर हात वर करून बंद केलेली.

अँब्युलन्समध्ये बिल्वाच्या छातीतून हुक्क्यासारखी गुडगुड येत होती. फुप्फुसात पाणी भरत होतं. आई तिच्या पायाशी, साजिरी उशाशी.

"ताई बोल ना," बिल्वा म्हणाली.

साजिरीने तोंड उघडलं. "मी... मी इथे..." आवाज चिरकला, फुटला, नाकातून वाहू लागला.

"असं नाही," बिल्वाने मान हलवली. "नीट."

चार हजार वाक्यं पाठ असलेल्या त्या मुलीला एक वाक्य नीट बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाबारा वाजता बिल्वा गेली. बाबा समुद्रावरून परतले ते तिसऱ्या दिवशी.

सत्काराचा बॅनर वाडीच्या तोंडाशी तसाच होता. शेवटी बाबांनी जाऊन उतरवला. त्याची घडी घालायची की फाडायचा, हे न सुचून ते कितीतरी वेळ रस्त्यात उभे होते.

आणि आवाज? तो चालूच होता. रोज पाच वाजले की वरच्या घरातून, खालच्या घरातून, काजूंच्या पलीकडून, "मी इथेच आहे." आई कानावर पदर दाबून न्हाणीघरात जाऊन बसे. एकदा म्हणाली, "बंद कर गं तिला." साजिरी कुणाला बंद करणार होती?

दहाव्या दिवशी ऋता मॅडम आल्या. एकट्या. पडवीत खाली बसल्या आणि चहा पुढे तसाच ठेवून रडल्या. नाटकी नाही, खरं. मग म्हणाल्या, "त्या दुपारची सगळी नोंद मी ऐकली. तुझ्या आवाजाने तिला दोनशे अकरा वेळा सांगितलं, मी इथेच आहे. हे तुला सांगायला नको होतं. पण न सांगता इथे बसताही येईना."

"माझा आवाज काढून घ्या त्यातून."

"काढू. पण लाखभर मुलं तिला ताई समजतात. एका रात्रीत गेली तर त्यांना काय वाटेल? एक निरोपाचा भाग करावा, असं कंपनीत म्हणतात."

साजिरीने गार झालेला चहा उचलून बाजूला ठेवला. "शब्द माझे असतील. मी बोलेन ते. यंत्र नाही."

"कबूल. जसंच्या तसं जाईल. माझा शब्द."

मग आत, स्वयंपाकघरात, चुलीजवळ बसून साजिरी ते बोलली. गोधड्या नाहीत, काही नाही. "पोरांनो, मी खेकडी नाही. मी साजिरी. मला राग येतो. मी घाबरते. तुम्हाला काही चावलं, काही दुखलं, कोणी नको तसा हात लावला, तर श्वास घेत बसू नका. ओरडा. घर डोक्यावर घ्या. कोणी येईपर्यंत थांबू नका." मग तिने मुलांना ओरडायचं कसं ते करून दाखवलं. न्हाणीघरातून आई धावत आली.

ऋता मॅडमनी शब्द पाळला. बोललेलं सगळं, एक श्वासही न कापता, यंत्रात गेलं.

गुरुवारी पाच वाजता साजिरी सुलीकाकीच्या घरी गेली. काकीची नात मनवा, पाच वर्षांची, पडद्यासमोर बसली होती. पट्टी मनगटावर. साजिरी दाराशी टेकून उभी राहिली. पडद्यावर तिरपी आली. पाठीवर दप्तर नव्हतं.

"पोरांनो," साजिरीचा आवाज म्हणाला, "मी खेकडी नाही. मी साजिरी. मला राग येतो."

मनवा चमकली. खांदे वर गेले. आणि पडद्यावरचं चित्र, पाण्यात दूध सोडावं तसं, हळूच बदललं.

"...पण राग येतो आणि जातो," तोच आवाज पुढे म्हणाला. तोच गळा, तीच धापसुद्धा. "तुला काही चावलं, काही दुखलं, तर डोळे मीट, मनवा. मी इथेच आहे."

साजिरी दाराचा कडीकोयंडा धरून उभी राहिली. अजून ओरडणं यायचं होतं. आलं. तिरपीने तोंड मोठ्ठं उघडलं, आणि त्यातून रंगीत बुडबुडे निघाले, एकामागून एक. बरोबर एक मऊ, लांब हुंकार, अंगाईसारखा. मनवा हसली.

शब्द जसेच्या तसे आत गेले होते. बाहेर येताना प्रत्येक मुलाच्या रेषेने ते पुसून काढले होते. या क्षणी लाखभर घरांत लाखभर मुलं हसत असणार.

साजिरीने जाऊन पडदा बंद केला. मनवाच्या मनगटावरची पट्टी सोडवली, खिशात घातली, आणि तिच्यासमोर खाली बसली.

मनवाने शांतपणे तिच्याकडे बघितलं. "साजूताई, तुला राग आलाय?"

"हो."

"मग तो कुठे बसलाय, सांग. पोटात की डोक्यात?"

साजिरीने तिचे दोन्ही हात धरले. "मनवा, बिल्वा मेली."

वाडीतल्या एकाही मुलाला हे कोणी सांगितलं नव्हतं. बिल्वा रत्नागिरीला गेलीय, असंच सगळे म्हणत.

"मग परत कधी येणार?"

"नाही येणार. तिला विंचू चावला. तिने हाक मारली आणि कोणी गेलं नाही. मी बाहेर होते. मी गेले नाही."

मनवाने पडद्याकडे मान वळवली. काळ्या पडद्यात तिचाच चेहरा दिसत होता. ती वाट बघत राहिली. कोणीतरी आता जवळ येईल, तिचं नाव घेईल, चित्र बदलेल. कोणी आलं नाही. तिने पुन्हा साजिरीकडे बघितलं. साजिरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

मनवाचा खालचा ओठ थरथरला. तिने श्वास घेतला, शिकवल्यासारखा, खोल. पण तो हळू सुटला नाही. तो छातीत अडकला, फुगला, आणि मग जो टाहो फुटला त्याने मांजर फळीवरून उडी मारून पळालं.

मागच्या दाराने सुलीकाकी आली, हाताला आंबोशीचं मीठ. "काय झाला गो? काय झाला? कुणी मारला पोरीला?" तिने मनवाला उचलून छातीशी धरलं. "साजू, काय केलंस तू हिला?"

खालच्या घरातून हाळी आली, "कुणाचा पोर गो ताऽऽ?"

मनवा आणखी मोठ्याने रडू लागली. काकीचा हात तिच्या पाठीवरून फिरू लागला, तोंडातून सवयीने "उगी, उगी" येऊ लागलं.

"नको, काकी," साजिरी म्हणाली. "गप्प करू नको तिला."

काकीने हात थांबवला. उतारावरून कोणाकोणाच्या वहाणांचा आवाज वर येऊ लागला, घाईघाईने, ठेचकाळत.